मृतांच्या चिठ्ठीतलं नाव

वडिलांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी पाद्रीबाबा निकांद्र मृतांची नावं घाईघाईत उरकतील, ही वालेरियानची समजूत मुळातच चुकली. एरवी ते उरकतच. रविवारी प्रार्थनेत घ्यायच्या नावांच्या गावभरच्या चिठ्ठ्या हातात आल्या की निम्मी नावं त्यांच्या दाढीतच राहत. पण आज ज्याच्यासाठी चर्च भरलं होतं तो प्लातोन वेरिगिन, एकेकाळी या गावासकट तीन गावांचा मालक. आणि समोर त्याचा थोरला मुलगा इन्नोकेंती, गव्हर्नरच्या कचेरीतला बडा अधिकारी, हातात मेणबत्ती धरून उभा. पाद्रीबाबांनी चष्मा दोनदा पुसला आणि एकेक नाव सुटं सुटं वाचायला घेतलं.

घरच्यांची नावं झाली. मग नोकरमाणसांच्या चिठ्ठ्या आल्या. "तेरेंती," पाद्रीबाबा म्हणाले. "उल्याना. येफीम."

प्लातोनची मुलगी कापितोलिना पुढे उभी होती; तिच्या मागे कुणाचा तरी श्वास अडकला. तिने वळून पाहिलं. मालान्या क्रूसाची खूण करता करता थांबली होती, बोटं कपाळापाशीच राहिली होती.

मालान्या वेरिगिनांची स्वयंपाकीण. नुसती स्वयंपाकीण म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. बावीस वर्षांपूर्वी वालेरियानला जन्म देऊन आई गेली, तेव्हा मालान्याचा येफीम तीन आठवड्यांचा होता. तिने दोघांना अंगावर पाजलं. कापितोलिना तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने त्या धाकट्या भावाला न्हाऊमाखू घातलं, लिहा-वाचायला शिकवलं, पुढे स्वतः विधवा होऊन माहेरी आल्यावर तर तो तिचा मुलगाच झाला. येफीम शिकून गावच्या शाळेत मास्तर झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो कुणाला न सांगता निघून गेला होता. ओडेसाला आहे, बरा आहे, अशी दोन पत्रं त्याच्याकडून आली होती; मालान्याला ती वालेरियाननेच वाचून दाखवली होती.

प्रार्थना संपल्यावर मालान्याने पाद्रीबाबांना दारातच गाठलं. माझा पोरगा जिवंत आहे, बाबा, तुम्ही त्याला मेलेल्यांत कसं वाचलंत, असं तिने विचारलं. आवाज चढवला नाही, पण ऐकणारे ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, बाबांना आता चष्म्याला चष्मा लागणार. सगळे हसले. पाद्रीबाबा लालबुंद झाले आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत जिवंतांमध्ये त्याचं नाव घेतो असं म्हणून बाजूला झाले. तिथे हे प्रकरण मिटायचं. पण पाद्रीबाबांना चूक पचत असे, हसू पचत नसे.

जेवण दुपारी वेरिगिनांच्या मोठ्या दिवाणखान्यात होतं. मध घातलेले गहू फिरले, धिरडी आली, माशाचं कालवण आलं. पाहुणे दोन दोन पेले घेऊन मयताच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगू लागले. त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत हे कापितोलिनाला ठाऊक होतं, वडिलांच्या हातचा चाबूक तिने पाहिलेला होता. वालेरियान टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याने काही खाल्लं नव्हतं. पण या दोन महिन्यांत तो असाच होता, आणि घरातल्यांनी ते वडिलांच्या आजारपणाच्या आणि मरणाच्या खात्यावर टाकलं होतं.

अचानक पाद्रीबाबांनी झग्यातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

"माझे डोळे गेलेत म्हणून गाव हसलं," ते म्हणाले. "आता तुम्हीच वाचा. मालान्याच्या दोन्ही चिठ्ठ्या आहेत. ही जिवंतांची, प्रकृतीसाठी. ही मृतांची, आत्म्याच्या शांतीसाठी. येफीम कुठल्या चिठ्ठीत आहे?"

इन्नोकेंतीने कागद उचलले आणि हसला. "हे तर वालेरियानचं अक्षर. मालान्याने याच्याकडून लिहून घेतलं का? मग बरोबर आहे. आमचे धाकटे बंधू शून्यवादी आहेत, बाबा. देव नाही, राजा नाही, घर नाही. त्यांना जिवंत काय आणि मेलेले काय, सगळे एकाच पंगतीला."

पाहुणे हसले. इन्नोकेंतीची बायको झिनाइदा म्हणाली की विद्यापीठात चिठ्ठी लिहायलासुद्धा शिकवत नाहीत वाटतं. वालेरियानही हसल्यासारखं करून म्हणाला, "चूक झाली, बाबा. माफ करा."

कापितोलिनाने हात पुढे करून कागद घेतले.

मृतांच्या चिठ्ठीवर वरती क्रूस काढलेला होता. तो फक्त मेलेल्यांच्या चिठ्ठीवर काढतात. क्रूसाच्या खाली मालान्याचे आई-बाप तेरेंती आणि उल्याना, मग येफीम, तिन्ही नावं एकाच शाईत, एकाच संथ हाताने. तिने जिवंतांची चिठ्ठी पाहिली. तिथे कापितोलिना होती, वालेरियान होता, आणि त्यांच्या मध्ये कुणीतरी 'ये' एवढंच लिहून ते खोडून टाकलं होतं.

वयाच्या सातव्या वर्षापासून वालेरियान घरातल्या सगळ्या नोकरमाणसांच्या चिठ्ठ्या लिहीत आला होता. कापितोलिनाने त्याला अक्षरं गिरवायला लावली ती याच कामातून. कोण कुठल्या कागदावर जातो हे त्याला डाव्या-उजव्या हातासारखं पाठ होतं. त्याने नाव जिवंतांत लिहायला घेतलं होतं, थांबला होता, आणि मग दुसरा कागद ओढला होता. पाद्रीबाबांनी तिच्या हातातून कागद घेऊन परत झग्यात ठेवले. तिने मान वर केली तर इन्नोकेंती तिच्याकडेच बघत होता, आणि तो आता हसत नव्हता.

"झिनाइदा, बाबांना गरम चहा दे," तो म्हणाला. "आम्ही तिघं जरा वडिलांच्या खोलीत जाऊन येतो. कागदपत्रांचं काम आहे."

वडिलांच्या खोलीत अजून त्यांच्या तंबाखूचा वास होता. इन्नोकेंतीने दार लावलं. वालेरियानने तोंड उघडताच त्याने हात वर केला.

"एक अक्षर बोलू नकोस. मी ऐकलं नाही, तर मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, तर मला कुणी विचारू शकत नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात त्वेर शहरात एक पोरगा धरलाय. तुमच्या त्या मंडळातला. अजून बोललेला नाही. पण तिथे सगळे बोलतात. परदेशी जायचा परवाना मी काढून ठेवलाय, तब्येतीच्या कारणावरून. तीन वाजता बर्फावरची स्लेज तुला घेऊन स्टेशनावर जाईल."

"म्हणजे तुला आठवड्यापासून ठाऊक आहे?" कापितोलिनाने विचारलं.

"मला काहीच ठाऊक नाही, काप्पा. हेच तर मघापासून सांगतोय. माझ्या दोन मुलांना सैनिकी शाळेत प्रवेश मिळायचाय." तो दाराकडे गेला. "मी घोडे जोडायला सांगतो. तोवर तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

आयुष्यभर कचेरीत काढलेला माणूस. स्वतःच्या घरातसुद्धा तो दाराबाहेर उभा राहून निर्दोष राहू शकत होता.

कापितोलिना वडिलांच्या खुर्चीत बसली. "येफीम कुठे आहे?"

"नदीपलीकडच्या जुन्या चुनाभट्टीत," वालेरियान म्हणाला. एवढं सहज, की तिला क्षणभर वाटलं, तो तिथे लपून राहिला असेल.

मग त्याने सांगितलं. पीटर्सबर्गहून एक माणूस आला होता. त्याच्याभोवती पाच जण जमले. वालेरियान त्यांत पहिला, आणि येफीमला त्यानेच आणलं. सुरुवातीला पुस्तकं होती, शेतकऱ्यांसाठी पत्रकं होती. मग तो माणूस म्हणू लागला की जुनं जग दुरुस्त करायचं नसतं, पाडायचं असतं. पाडणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत. दया ही जमीनदारांची चैन आहे, असं तो म्हणायचा. जमीनदाराच्या मुलाला हे वाक्य किती लागतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. येफीम मात्र शाळेत पोरांना बेरीज शिकवून यायचा आणि शर्टाच्या आत गळ्यातला क्रूस तसाच ठेवायचा. सप्टेंबरात तो म्हणाला, मला हे नको, मी निघतो. कुणाला सांगणार नाही, पण मी निघतो.

"तो सांगणार नव्हताच, ताई. मला ठाऊक होतं. पण त्या माणसाने मतासाठी हात वर करायला सांगितले, आणि सगळे वर गेले."

"तुझाही?"

"माझाही."

येफीमला बोलावणं सोपं होतं. भट्टीत एक फरारी माणूस तापाने पडलाय, त्याला खायला न्यायचंय, एवढं पुरलं. वालेरियान स्वतः त्याला न्यायला स्वयंपाकघरात गेला. मालान्याने कोबीची आख्खी कचोरी फडक्यात बांधून दिली, आजाऱ्यासाठी. आणि वालेरियान भुकेला दिसतोय म्हणून एक तुकडा त्याच्याही हातात ठेवला.

"तो मी वाटेत खाल्ला," वालेरियान म्हणाला. "चालता चालता. पुढे काय होणार ते ठाऊक असताना. मला भूक होती."

कापितोलिनाने त्याच्याकडे पाहिलं. याला तिने गोवराच्या तापात सोळा रात्री मांडीवर घेतलं होतं. आता याला जवळ घ्यावं की याच्या तोंडात मारावी हे तिला कळेना, आणि ती दोन्ही करू शकली नाही.

"तू काय केलंस तिथे?"

"मी त्याचे हात धरले." तो म्हणाला, "नंतर त्या माणसाने येफीमचे बूट काढून घातले. त्याचे स्वतःचे फाटले होते. दुसऱ्या सकाळच्या गाडीने तो गेला."

"आणि पत्रं?"

"मी लिहिली. तो भट्टीवरूनच परस्पर निघून गेला असं मी मालान्याला सांगितलं होतं, आणि ती रोज टपालाची वाट बघत बसायची."

"मग आज त्याचं नाव मृतांत कशाला घातलंस? तिने विचारलं असतं तर? तुझा तर कशावरच विश्वास नाही."

"माझा नाही," वालेरियान म्हणाला. "त्याचा होता. चाळीस दिवसांत ज्याच्यासाठी कुणी मागत नाही तो तिकडे एकटा पडतो, हे आम्हा दोघांना मालान्यानेच सांगितलेलं. त्याचे चाळीस अकरा नोव्हेंबरलाच होऊन गेले. ती तर त्याच्या प्रकृतीसाठी मागत होती. मला वाटलं, बाबा पुटपुटून जातील, कुणी ऐकणार नाही."

वाचता येणाऱ्या माणसाचीच ही चूक. कागदावर आहे ते कागदावर राहील असं त्याला वाटतं. मालान्याला अक्षर येत नव्हतं. तिचे आई-बाप, तिचा पोरगा, सगळे तिच्यापाशी कानातून यायचे, आणि ती चर्चमध्ये एकेक नाव ऐकायची.

दार उघडून इन्नोकेंती आत आला. चेहरा उतरला होता. मालान्या स्वयंपाकघरात येफीमची पत्रं शोधतेय, म्हणाला. पाद्रीबाबांना दाखवणार, माझा पोरगा जिवंत आहे हे बघा म्हणून. आणि पाद्रीबाबांच्या झग्यात अजून ती चिठ्ठी आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की आंधळ्यालाही अक्षर ओळखू येईल.

"काप्पा, तू जा. ती तुझं ऐकते. चूक झाली म्हण, आणि पत्रं ताब्यात घे. एका तासाचा प्रश्न आहे." मग तो प्रथमच भावासारखं बोलला. "याला फासावर गेलेला बघशील? तुझ्या हातचा वाढलेला आहे हा."

कापितोलिना उठली. आपण काय करायला चाललोय ते तिला नीट ठाऊक होतं, आणि ती गेली.

स्वयंपाकघरात किसेलचं, फळांच्या घट्ट सरबताचं, मोठं पातेलं निवत ठेवलं होतं. तो वाढला की पाहुणे उठतात. मालान्या पेटीसमोर गुडघ्यावर बसली होती, हातात दोन पाकिटं.

"सापडली बघा, बाई. बाबांना दाखवते. नुसतं संध्याकाळी नाव घेतो म्हणून भागत नाही, त्यांना पटायला हवं."

"त्यांना पटलंय," कापितोलिना म्हणाली. "वालेरिकच्या हातून चूक झाली. वडील गेल्यापासून त्याचं लक्ष कुठे असतं. आण, मीच वाचते तुला."

मालान्याने ॲप्रनला हात पुसून पत्रं दिली आणि समोर बाकावर बसली. कापितोलिनाने कागद उलगडला. तिच्या भावाचं सुंदर, सरळ अक्षर. तिने वाचलं, "आई, मी बरा आहे. इथे समुद्र आहे, बर्फ नाही. तुझ्या हातचं खायला मिळत नाही एवढंच. वारा ओला असतो आणि पाय गार पडतात. काळजी करू नकोस." तिचा आवाज एकदाही फुटला नाही. पुढे कित्येक वर्षं तिला याच गोष्टीची सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली.

मालान्या तिचे दोन्ही हात धरून रडली. देवा, किती घाबरवलंत मला, म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं की वालेरिक म्हणे परदेशी निघालाय, त्याची वाट ओडेसावरून जाते का. कापितोलिनाने होय म्हटलं. एक खोटं बोलल्यावर दुसऱ्याला काही जोर लागत नाही. तिने पत्रं खिशात घातली आणि मालान्याने ती परत मागितली नाहीत.

तीन वाजता स्लेज पायऱ्यांशी उभी राहिली. गाडीवान प्रोखोर घोड्यांच्या तोंडावरचं गोठलेलं दंव झाडत होता. पाहुणे गेले होते. पाद्रीबाबा निघायच्या बेतात कोट चढवत होते, आणि झिनाइदा त्यांच्याशी नको इतकं गोड बोलत होती. वालेरियान वडिलांचा फरकोट घालून बाहेर आला. इन्नोकेंतीने त्याला कोपराला धरलं होतं.

मालान्या मागून धावत आली. डोक्याला नुसता रुमाल, हातात बोचकं.

"थांब रे. हे येफीमला दे. चार जोड मोजे आहेत, लोकरीचे. पाय गार पडतात म्हणून लिहिलंय ना त्याने, तेव्हापासून विणतेय. आणि म्हणावं, आईने रागावलंय. न सांगता जातात का?"

तिने बोचकं पुढे केलं. वालेरियानचे हात खाली होते.

"घे की," इन्नोकेंती म्हणाला. "उशीर होतोय."

"घे, वालेरिक," कापितोलिना हळूच म्हणाली.

वालेरियानने हात उचलले. ते अर्ध्यावर आले आणि तिथेच राहिले. तो बोचक्याकडे बघत होता. मालान्या हात लांब करून वाट बघत होती, चेहऱ्यावर अजून अर्धं हसू होतं, आणि मग ते हसू गेलं. तिने याला बोलता येण्याआधीपासून ओळखलेलं. बोचकं तिने सावकाश स्वतःच्या छातीशी घेतलं.

घोडे पाय आपटत होते.

"कधी?" मालान्याने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला," इन्नोकेंती म्हणाला, "कधी काय? त्याला बरं नाही, त्याला जाऊ दे—"

"तीन ऑक्टोबरला," वालेरियान म्हणाला. "संध्याकाळी. चुनाभट्टीत. मी होतो."

मालान्याने पाद्रीबाबांकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती चाळीस दिवस मोजत होती, आणि तिला मोजता येईना. पाद्रीबाबांनीच मोजलं. अकरा नोव्हेंबरला झाले, असं ते इतक्या हळू म्हणाले की ते त्यांच्या दाढीतच राहिलं असतं, पण तिने ऐकलं.

"म्हणजे मी त्याच्या प्रकृतीसाठी मागत होते," ती म्हणाली. "आणि त्याच्यासाठी कुणीच नव्हतं."

मग ती कापितोलिनाकडे वळली.

"मघाशी तुम्ही पत्र वाचलंत, बाई. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

इन्नोकेंती काहीतरी बोलू लागला. झिनाइदाने त्याची बाही ओढली. कापितोलिनाला कळत होतं की अजूनही नाही म्हणता येईल; मालान्या तिच्यावर विश्वास ठेवायला तयार उभी होती, जवळजवळ विनवत होती.

"होय, मालान्या. ठाऊक होतं."

मालान्याने मान हलवली. जेवायला किती माणसं आहेत हे सांगितलं की हलवायची तशी. मग म्हणाली, "बाबा, चर्च उघडा." पाद्रीबाबा तिच्यापाठोपाठ पायऱ्या उतरले. वालेरियान दोन पावलं मागे गेला तेव्हा तिने न वळता सांगितलं, तू येऊ नकोस. कापितोलिनाही उतरत होती. मालान्या थांबली.

"तुम्हीसुद्धा नको, बाई."

ती दोघं बर्फातून चालत गेली. फाटकापाशी पाद्रीबाबांनी आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला.

"आता लगेच निघायचं," इन्नोकेंती वालेरियानला स्लेजकडे ढकलत म्हणाला. "ती बोलायच्या आत गाडी मिळते. प्रोखोर, चाबूक मार."

कापितोलिनाने रुमाल घट्ट बांधला, पायरीवरून उतरली आणि भावाच्या शेजारी चढून बसली.

"जिल्ह्याच्या गावाला घे, प्रोखोर," ती म्हणाली. "तपास न्यायाधीशांच्या घरी."

"डोकं फिरलंय तुझं," इन्नोकेंती म्हणाला. तो स्लेजची कड धरून चालू लागला. "काप्पा, तो मरेल. सैबेरियात मरेल. तू त्याची आई आहेस."

वालेरियान उतरून पळाला असता तर तिने त्याला धरलं नसतं. तेवढी ताकद तिच्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाचा एक कोपरा तो पळावा म्हणून देवाची करुणा भाकत होता. तो सरकला आणि तिला जागा करून दिली. प्रोखोरने एकदा धन्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि लगाम उचलला. इन्नोकेंती फाटकापर्यंत आला आणि तिथे थांबला.

गाव मागे पडलं. वालेरियानचा हात तिच्या हाताला लागत होता. तिने तो धरला.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "तिथे गेल्यावर तू सांगशील?"

लहानपणी फुटलेल्या खिडक्या, हरवलेले हातमोजे, मास्तरांच्या तक्रारी, सगळं वडिलांना तिनेच सांगितलं होतं, आणि सांगताना अर्धं आपल्या अंगावर घेतलं होतं.

"नाही," कापितोलिना म्हणाली. "तू सांगायचं. मी दाराबाहेर बसेन."